मारुतीला सरकारी इतमाम

सीमाभागातल्या आमच्या शहापुरात, माझ्या फ्लेक्सच्या दुकानात आजवर 'मृत्यू' हा शब्द जितक्या वेळा छापला गेला, त्यातला निम्मा वाटा श्रद्धांजलीच्या फलकांचा आणि उरलेला निम्मा एकट्या परशराम कडोलकरांचा. श्रद्धांजलीवाले निदान माणूस गेल्यावर यायचे. कडोलकर अण्णा सगळे धडधाकट असताना यायचे, खुर्ची ओढून माझ्या संगणकाशेजारी बसायचे आणि हुकूम सोडायचे, "मृत्यू मोठा कर. लाल कर. अजून मोठा. रस्त्यापलीकडच्या म्हशीलाबी दिसला पायजे."

अण्णा आरोग्य खात्यात होते. कुठल्या रोगाचा धोका आहे ते लोकांना समजावून सांगायचं, एवढंच त्यांचं काम. डॉक्टर रोग झाल्यावर बरा करतात, अण्णा रोग यायच्या आधीच माणसाला अंथरुणाला खिळवतात, असं त्यांच्या कचेरीतला शिपाई म्हणायचा. तरुणपणी गावच्या जत्रेतल्या नाटकात अण्णा यमाची भूमिका करायचे. पुढं नाटकं बंद पडली, भूमिका चालू राहिली. उंची भरपूर, आवाज त्याहून भरपूर, आणि बोलताना उजवा हात असा वर जाई की समोरचा आपोआप त्यांच्या मागं रेडा उभा आहे की काय ते बघे.

"भ्यालं ते जगलं" हे त्यांचं ब्रीद. रस्त्यात भेटले तर लोक विचारतात, जेवलास काय? अण्णा विचारत, "उकळून प्यालास न्हवं?" लग्नात पंगतीला बसले की मठ्ठ्याचा पेला उजेडाकडं धरून बघत आणि शेजाऱ्याला काविळीची पहिली लक्षणं सांगत. दुसरी लक्षणं जिलबी वाढताना. त्यामुळं कितीही गर्दीचं लग्न असो, अण्णांच्या दोन्ही बाजूंची पानं मोकळी असायची. अण्णांना वाटे, आपल्याला मान देऊन जागा सोडतात.

खात्याची परिपत्रकं वरून यायची ती अशा कन्नडमध्ये की कचेरीतले कन्नडिग एकमेकांना अर्थ विचारायचे. मग अण्णा त्याचं मराठी करायचे. ते मराठी वाचून माझी आई दुकानात येऊन म्हणाली होती, "हे 'अधिवास निर्मूलन' म्हंजे कुनाचं घर पाडायलेत रं?" मी सांगितलं, डासांचं. ती म्हणाली, "मग डास म्हनायला लाज वाटती व्हय?" अण्णा तिथंच बसले होते. ते म्हणाले, "आक्का, सोपं लिवलं तर सरकारी वाटत न्हाय."

एकदा चौकात डेंग्यूचा मोठा फलक लागला. वर कन्नड, खाली मराठी. संध्याकाळपर्यंत मराठी मंडळी टेप घेऊन आली आणि अक्षरांची उंची मोजून गेली. अक्षरं सारखी करून दिली, तर कन्नड मंडळी आली, त्यांनी रुंदी मोजली. मग दोन्ही मंडळी रोज संध्याकाळी फलकाखाली जमू लागली. तिथंच एक तुंबलेलं गटार होतं. गटारातले डास दोन्ही बाजूंना कसलाही भाषाभेद न करता चावत होते. अखेर शांतता राखण्यासाठी फलक उतरवून गोदामात ठेवला. वादाच्या दोन्ही बाजूंचे पुढारी एकाच दवाखान्यात, शेजारच्या खाटांवर सलाईन लावून पडले होते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फलकावर डासाविषयी काय लिहिलं होतं, ते दोघांपैकी एकालाही सांगता आलं नाही. मी विचारलं होतं.

निपाणीची गोष्ट त्याच्या पुढची. तंबाखूविरोधी सप्ताह होता, आणि अण्णांना कुठं पाठवलं, तर थेट बिड्या वळणाऱ्या बायकांच्यात. अण्णांनी तयारी जोरदार केलेली. दोन स्पंज. एक गुलाबी, एक बुटाच्या पॉलिशनं काळा केलेला. माझ्या व्हॅनमधून फलक न्यायचा होता म्हणून मीही बरोबर. बायका ओळीनं भिंतीला टेकून बसलेल्या, मांडीवर सुपं, बोटं चाललेली. अण्णांनी काळा स्पंज उंच धरला. "हे बघा! हे असं हुतंय फुफ्फुस!"

बोटं थांबली नाहीत. गौराक्का म्हणून एक म्हातारी होती, तिनं मान वर केली आणि विचारलं, "अण्णा, वडतंय कोन, आनि दावतोयस कुनाला?"

"म्हंजे?"

"आमी वळतो. वडनारे तिकडं पानपट्टीवर हुबारल्यात. आमाला खोकला हाय त्यो धुळीचा. त्येच्यावर काय आनलंयस? स्पंज न्हवं, दुसरं."

"तोंडाला फडकं बांधा."

"उकडतंय. दम कोंडतोय."

"खिडकी उघडी ठेवा."

"वारं आलं की जर्दा उडतोय, मग मालक खिडकी लावतोय. आता सांग."

सगळ्या बायका हसल्या. अण्णांनी गुलाबी स्पंजकडं पाहिलं. तोही काही बोलला नाही. परत येताना संकेश्वर येईपर्यंत अण्णा दोन्ही स्पंज मांडीवर घेऊन बसले होते. मग म्हणाले, "बाई खरं बोलली रं. पन खरं बोलनाऱ्याला द्यायला माझ्याकडं कायच न्हवतं." मला वाटलं, चला, यम उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात हजर. "मृत्यू अजून मोठा करता येतो काय बघ."

वडगावात तर त्यांची पुरती फजिती झाली, आणि गंमत म्हणजे तिथंच त्यांचं पहिलं काम यशस्वी झालं. विणकरांच्या, मागवाल्यांच्या गल्ल्यांतून ते रिक्षावर कर्णा लावून फिरत होते, "आठवड्यातून एक दिवस घरातली सगळी भांडी रिकामी करा! साठवलेल्या पाण्यात मृत्यू आहे!" नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, आलं की बायका घागरी, पिंपं, अगदी परातीसुद्धा भरून ठेवणार, आणि हा गृहस्थ ते ओतून टाका म्हणतोय. एका घरातून मागाची खडखड थांबली. एक बाई बाहेर आली.

"अण्णा, तुमच्या घरचं पिंप रिकामं केलासा काय?"

अण्णा राहायला दोनच गल्ल्या पलीकडं. बायकांनी रिक्षा तशीच त्यांच्या घराकडं वळवली. मागच्या दारी पिंप होतं. झाकण काढलं तर आत अळ्यांचा मेळा भरलेला. अण्णांच्या बायकोनं पदर खोचून सगळ्यांसमोर सांगितलं, "मी कवापास्नं म्हनतेय, पिंप धुवा, पिंप धुवा. ह्यांना लोकजागृतीतनं सवड कुठं?"

दुसरा कुणी असता तर बदली मागून घेतली असती. अण्णांनी तेच पाणी काचेच्या बाटलीत भरलं आणि दुसऱ्या दिवसापासून घरोघर घेऊन फिरले. "ह्या अळ्या माझ्या घरातल्या. आता तुमच्या बघू." आरोग्य खात्याच्या माणसाच्या घरात अळ्या निघाल्या हे बघायला लोक उड्या मारून दार उघडत होते, आणि दार उघडलं की आपलंही पिंप उघडत होते. पाणी ओतायचं नाही, पिंपाच्या तोंडाला जुनी साडी घट्ट बांधायची, हा तोडगा बायकांनीच काढला. परिपत्रकात अजूनही ओतून टाका असंच होतं. अण्णांनी नवा फलक छापला, 'झाका'. खाली बारीक अक्षरात, सवय म्हणून, 'नाहीतर मृत्यू'.

आता खरी गोष्ट.

जांबोटीच्या पुढं रानात एक वाडी आहे. नाव सांगत नाही, कारण त्यांच्या मारुतीला माकड म्हटलेलं तिथल्या लोकांना आजही खपत नाही. होळीच्या आधीचे दिवस. वाडीतल्या दोन बायका रानात पालापाचोळा गोळा करायला गेल्या होत्या, त्या आल्या आणि तापानं फणफणल्या. रक्त तपासलं, माकडताप निघाला. रानातल्या बारीक गोचडीच्या चाव्यानं होतो. माकडांनाही होतो, आणि माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचड्या खाली उतरून दुसरं अंग शोधतात. म्हणून मेलेल्या माकडाजवळ जायचं नाही, कळवायचं, असं परिपत्रक आलं. आम्ही जाऊन वाडीच्या तोंडाशी फणसाला फलक बांधून आलो.

आणि आठवड्याच्या आत वाडीतल्या मारुतीच्या देवळासमोर एक वानर मेलं.

आमच्याकडं वानर मेलं की ते जनावर मेलं असं कुणी म्हणत नाही. मारुती गेला म्हणतात. त्याला अंघोळ घालतात, गुलाल लावतात, खुर्चीवर बसवून वाजतगाजत मिरवतात, गावजेवण घालतात. म्हणजे ज्याच्याजवळ जायचं नाही त्याला अख्खा गाव खांदा देणार. आधी एक तरुण साहेब जीप घेऊन गेले. त्यांनी कर्ण्यावरून सांगितलं, "माकडांमुळे रोग पसरतो, हात लावणाऱ्यावर कारवाई होईल." ते परत आले ते एस.टी.नं. जीपच्या चारी चाकांतली हवा वाडीत राहिली होती.

मग अण्णांना बोलावणं. साहेब म्हणाले, "कडोलकर, तुम्हाला त्या लोकांची भाषा येते." अण्णा माझ्या व्हॅनमध्ये बसले आणि वाटभर यमाचं भाषण घासून तयार केलं. जांबोटीच्या वळणावर त्यांचा हात वर गेला तो व्हॅनच्या टपाला आपटला.

देवळासमोर सारी वाडी जमलेली. मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर वानर, अंगावर कोरा टॉवेल. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला केळीचे खांब. खुर्चीखाली काहीतरी लाल अंथरलेलं दिसलं म्हणून निरखून पाहिलं, तर आमचाच फलक. 'मृत्यू' बरोबर देवाच्या पायाशी. शेजारी पुजारी लुमाण्णा, हातात टाळ. चाळिशीचा, काटकुळा, डोळे रडून लाल.

"या अण्णा, पाया पडा," लुमाण्णा म्हणाला.

अण्णांनी हात वर केला. "हात लावशीला तर..."

"तर काय?" एक म्हातारी पुढं आली. "मारुती मारंल व्हय आमाला? तोंड सांभाळ."

पोरं व्हॅनच्या चाकांकडं बघायला लागली. मी चावी हातात घेतली. अण्णांचा हात वरच होता. मग तो हळूच खाली आला, आणि अण्णांनी लांबूनच विचारलं, "लुमाण्णा, कसं गेलं रं हे?"

"दोन दिस पायरीवर बसलंतं. थरथरत हुतं. केळं दिलं, खाल्लं न्हाय. आंग चटका बसंल असं तापलंतं. नाकातनं रगात आलंतं. माझ्या मांडीवर जीव सोडला बगा."

अण्णांचा चेहरा उतरला. मांडीवर हा शब्द त्यांना लागला, हे मला कळलं, वाडीला नाही.

"म्हंजे त्येलाबी तापच हुता," अण्णा म्हणाले.

"व्हय की."

"मग माकडानं ताप आनला असं कोन म्हनतंय? ताप आनला गोचडीनं. पयला ह्यो गेला. आपल्या आदी जाऊन सांगून गेला, हितं गोचडी हाईत, संबाळा म्हनून." म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. अण्णांनी तेवढी फट बघितली आणि आत शिरले. "आनि असल्या देवाला तुमी शेनाच्या ट्रॉलीतनं न्हेताय? पुढारी गेला तर सरकार काय करतंय? इतमाम. ठरलेल्या मानसांनीच उचलायचं. पोशाख ठरलेला. बाकीच्यांनी लांब हात जोडून हुबारायचं. तुमचा मारुती पुढाऱ्यापेक्षा हलका हाय काय?"

वाडी विचारात पडली. गावचा थोरला म्हणाला, "बंदुका वाजिवनार?"

"बंदुकीचं माझ्या हातात न्हाय आप्पा. पोशाख मागवतो."

दुपारपर्यंत कचेरीतून दोन कर्मचारी आले. पांढरे झगे, टोप, चष्मे, हातमोजे, वर बूट. वाडीतल्या पोरांनी जागच्या जागी हात जोडले. त्यांनी सभोवती पांढरी पावडर टाकली, तेव्हा एकजण कपाळाला लावायला धावला. अण्णा गरजले, "थांब! अंगारा न्हवं त्यो! गोचडी मारायचं औषध हाय!" वाऱ्याच्या वरच्या अंगाला, लांब, दोरी बांधली. दोरीच्या अलीकडं भजन, पलीकडं इतमाम. रानखात्याची माणसं आल्यावर लाकडं रचून अग्नी दिला. झग्यातला एकजण घामानं निथळत अण्णांना हळूच विचारतो, "सलाम मारू काय?" अण्णा म्हणाले, "मार." त्यानं असा कडक सलाम ठोकला की अख्खी वाडी हुंदके देऊन रडली.

मी मनात टाळ्या वाजवत होतो. पण अण्णा आनंदात नव्हते. त्यांनी लुमाण्णाला देवळामागं नेलं. मी व्हॅनच्या दारात होतो, सगळं ऐकू येत होतं.

"तू लई जवळ हुतास त्येच्या," अण्णा म्हणाले.

"मला बी हुतंय काय ताप? मरतो काय मी, अण्णा?"

मी मान खाली घातली. मला वाटलं, आता हात वर जाणार. आयुष्यभर ज्यांनी पिंपातल्या पाण्यावरून, मठ्ठ्यावरून, हात न धुण्यावरून लोकांना मारून टाकलं, त्यांच्यापुढं आता खरोखरच धोक्यातला माणूस उभा होता.

"ठाऊक न्हाय," अण्णा म्हणाले.

हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकले. बोलताना आवाज इतका खाली आला होता की लुमाण्णाला जवळ सरकावं लागलं.

"हुईलच असं न्हाय. झाला तर बरेच जन सावरत्यात. काई जन सावरत न्हाईत, ते बी सांगतो. ह्येच्यावर हुकमी औषध न्हाय. पन लवकर आलास तर डाक्टरास्नी तुला जपता येतंय. ताप चढला, डोकं ठणाकलं, की त्याच दिवशी मला फोन कर. नवसाचा नारळ बोलत बसू नको. रगात दिसायची वाट बगू नको."

लुमाण्णानं आपल्या घराकडं पाहिलं. मग म्हणाला, "पोरं लहान हाईत. त्येंस्नी लांब ठेवू?"

"नको. मानसाचं मानसाला लागत न्हाय हे. आत्ता जाऊन गरम पान्यानं साबन लावून आंघोळ कर, ही कापडं उकळत्या पान्यात घाल, आनि पोरास्नी जवळ घेऊन नीज."

लुमाण्णा तेवढ्यावर रडला. मघाशी सलामावर रडला नव्हता इतका.

चौथ्या-पाचव्या दिवशी त्याचा फोन आला. ताप आला होता. अण्णांनी गाडी पाठवायला सांगितलं आणि गाडीची वाट न बघता मला घेऊन निघाले. दवाखान्याच्या बाकावर ते दिवसचे दिवस बसलेले असायचे. आत जाणाऱ्या कुणाही नातेवाइकाला काविळीविषयी एक अक्षर बोलले नाहीत. लुमाण्णाच्या बायकोनं विचारलं तर डॉक्टर जेवढं सांगत तेवढंच सांगायचे, जास्त नाही, कमी नाही.

इकडं कचेरीत वेगळाच उत्सव सुरू झाला होता. इतमामाची बातमी रानभर पसरली. कणकुंबीच्या बाजूनं फोन, "आमच्यात बी मारुती गेलाय, पोशाख पाठवा." एका गावाची तक्रार, शेजारच्या गावाला दोन झगे दिले, आम्हाला एकच का? एकानं तर विजेच्या तारेला चिकटून मेलेल्या वानरासाठी सलाम मागितला. मेलेलं एकही माकड आता लपत नव्हतं, कुणी हात लावत नव्हतं. खात्याला कित्येक परिपत्रकांतून जे हवं होतं, ते एका सलामानं झालं.

परिणाम काय झाला? वरून विचारणा आली, "आपल्याच भागात इतकी माकडे का मरत आहेत?" पूर्वी कुणी कळवत नव्हतं तेव्हा कागदावर एकही मरत नव्हतं, हे वरच्यांना फार आवडायचं. पाठोपाठ दुसरी विचारणा, इतमाम कोणत्या नियमान्वये? अण्णांनी उत्तर लिहिलं, "नियम नव्हता, माकड होतं." या उत्तरानं त्यांची बदली झाली. अशा दूरच्या कोरड्या मुलखात, जिथं झाडच नाही तर माकड कुठलं?

जायच्या आदल्या दिवशी अण्णा म्हणाले, "वाडीकडं चक्कर मारू." लुमाण्णा नुकताच घरी आला होता. देवळाच्या कट्ट्यावर भिंतीला टेकून बसलेला. गाल बसलेले, डोक्यावरचे केस विरळ झालेले, पण डोळे उघडे आणि मांडीवर धाकटी पोरगी. अण्णा आलेत म्हटल्यावर वाडी जमली, कुणी भजनाचा माईक आणून हातात दिला. रानात जायचे दिवस अजून संपले नव्हते, बायका पाल्याला निघाल्याच होत्या. अण्णांनी घसा साफ केला. उजवा हात थोडा उचलला. मग लुमाण्णाकडं पाहिलं आणि माईक त्याच्यापुढं धरला.

"मी काय सांगू?" लुमाण्णा म्हणाला.

"झालं ते सांग. जास्तीचं काय नको."

लुमाण्णाला दम लागत होता. "सकाळी ताप आला. दुपारी अण्णास्नी फोन केला. लई दिस मला कायच ठाऊक न्हवतं..." तो थांबला, श्वास घेतला, पुन्हा बोलू लागला. आवाज इतका बारीक की पुढच्या ओळीपलीकडं जाईना, तरी कुणी हललं नाही.

अण्णा सावकाश मागं सरकले, गर्दीच्या शेवटी, बायकांच्या मागं जाऊन उभे राहिले. रानातून उशिरा आलेली एकजण डोक्यावरचा भारा उतरवून त्यांना विचारू लागली, "अण्णा, काय म्हनतोय त्यो?"

त्या उंच, भरपूर आवाजाच्या माणसानं ओठांवर बोट ठेवलं.

"गप," तो कुजबुजला. "ऐक."